‘श्यामगिरी’च्या पत्राचं दुसरं पान

माझ्या घरात बोटींवरची एकशे बारा पुस्तकं आहेत आणि मी भेडाघाटला नावेत बसत नाही. हलतं पाणी पाहिलं की मला चक्कर येते. माझी बायको इंदू हे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते, आणि ते खरं असल्यामुळे मी काही बोलत नाही. कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात छत्तीस वर्षं तोफांच्या सुट्या भागांचे नकाशे काढले आणि घरी आल्यावर बोटींची पुस्तकं वाचली. कोणतं प्रवासी जहाज किती टनांचं होतं, कोणतं मालवाहू जहाज कुठल्या खडकावर फुटलं, किती बुडाले, किती वाचले, हे सगळं मी वहीत उतरवून ठेवत असे. कशासाठी, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

मागच्या श्रावणात क्षमा आली. माझा मित्र गौतम, त्याची बायको हेमलतावहिनी. क्षमा त्यांच्या भावाची मुलगी, राइट टाउनमधल्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेचं काम यंदा तिच्याकडे होतं. स्कूटर फाटकात लावून ती सरळ माझ्या खोलीत आली आणि एक प्लॅस्टिकची फाइल टेबलावर ठेवली.

“काका, आत्याची ट्रंक उघडली मी. गौतम फुफाजींचे कागद सापडले. मी तर त्यांना बघितलं पण नाही कधी. एक लेख करू या ना. आपल्या चेरीतालचा मुलगा, मर्चंट नेव्हीत इंजिनियर, जहाजाबरोबर बुडाला. तुम्हीच लिहायचं.”

“हे काय लिहितील?” इंदू स्वयंपाकघरातून म्हणाली. “यांना बोट म्हटली की चक्कर येते.”

“लिहिताना नाही येत ना, काकू.”

“लिहिताना मला येते. दोनदा भाजी गरम करावी लागते.”

क्षमा हसली. मी फाइल उघडली. वर कंपनीचं इंग्रजी पत्र होतं, टाइप केलेलं, कडा पिवळ्या पडलेलं. त्याला टाचणीनं जोडलेला मराठी अनुवाद माझ्या अक्षरात होता. सप्टेंबर १९७८. तेव्हा माझं अक्षर फार सुबक होतं.

“एक पान कमी आहे, काका,” क्षमा म्हणाली. “बघा, इंग्लिश लेटर कॉमावर संपून राहिलं आणि तुमचं मराठी फुलस्टॉपवर. ये कैसे?”

“हरवलं असेल,” मी म्हणालो. “सत्तेचाळीस वर्षं झाली.”

“हां, हो सकता है. चलो, मी रविवारी आत्याला विचारते. नाही तर चौकशीचा रिपोर्ट कुठे ना कुठे मिळेलच. आजकल सब मिल जाता है.”

दुसरं पान हरवलेलं नव्हतं. माझ्या कपाटाच्या तिसऱ्या कप्प्यात, जहाजांच्या इंजिनांवरच्या एका जाड पुस्तकात ते होतं. पुस्तक मी सत्तेचाळीस वर्षांत उघडलं नव्हतं, पण धूळ मात्र दर दिवाळीला पुसत होतो.

गौतम आमच्या मागच्या गल्लीतला. माझ्याहून चार वर्षांनी लहान. माझी पुस्तकं नेणारा तो एकटाच होता, आणि नेलेली पुस्तकं वेळेवर परत आणणाराही. पुढे तो इंजिनियर होऊन खरोखरच जहाजावर गेला. मी कधी गेलो नाही, तो गेला, याचा मला अभिमान वाटायचा. जणू मीच त्याला पाठवलं होतं. कदाचित पाठवलंही असेल.

‘श्यामगिरी’ हे खनिजवाहू जहाज. मुरगावहून लोहखनिज भरून जपानला निघालं होतं. खनिज ओलं होतं. ओलं खनिज प्रवासात हलून हलून चिखलासारखं होतं आणि एका बाजूला सरकतं, मग जहाज कलतं. श्रीलंकेच्या दक्षिणेला तसंच झालं. एकतीस माणसं होती. एकोणीस जणांना दुसऱ्या एका मालवाहू जहाजानं उचललं, पाच प्रेतं मिळाली, सात जण बेपत्ता. समुद्रात सोडलेला एक तराफा सापडला नाही, म्हणजे त्यावर कोणी असण्याची शक्यता होती. गौतम त्यावर तिसरा इंजिनियर होता, आणि त्या सातांतला. लग्नाला दोन वर्षं झाली होती. हेमलतावहिनी चोवीस वर्षांच्या होत्या.

त्यांच्या घरी इंग्रजी पत्र लिहिणारं कोणी नव्हतं, म्हणून कंपनीशी पत्रव्यवहार मी करत होतो आणि उत्तरं माझ्या पत्त्यावर येत. ते सप्टेंबरचं पत्र मी पोस्टमनकडून घेतलं आणि कारखान्यात जायचं सोडून बाजारातल्या कमानिया गेटपर्यंत चालत गेलो. तिथे एका कापडाच्या दुकानाच्या पायरीवर बसून दोन्ही पानं वाचली. मग परत येऊन वहिनींच्या घरी गेलो.

तिथे गुरुजी बसलेले होते. गौतमची आई, भानुमतीकाकू, दारापाशी होत्या. गुरुजींचं म्हणणं असं होतं: प्रेत मिळालं नाही आणि मरणाला साक्षीदारही नाही, तर बारा वर्षं वाट पाहायची. मग पळसाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. पण कोणी डोळ्यांनी पाहिलं असेल तर थांबायचं कारण नाही, पुतळा आत्ताच करता येईल, आणि पोरीच्या आयुष्याचाही काही विचार करता येईल.

“कागदात काय लिहिलं आहे, रामकृष्णराव?” त्यांनी विचारलं.

मी पहिलं पान वाचून दाखवलं. शेवटी आलो, “आपले पती बेपत्ता आहेत.” बेपत्ता म्हटल्याबरोबर वहिनींनी मान वर केली. तीन महिन्यांत त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं.

“कोणी पाहिलं काय?” गुरुजी म्हणाले.

“बेपत्ता लिहिलं आहे.”

“हो, पण पाहिलं काय कोणी?”

“बेपत्ता लिहिलं आहे,” मी पुन्हा म्हणालो.

दुसरं पान माझ्या शर्टाच्या खिशात होतं. उद्या सांगू, असं मी ठरवलं. आज दोघींना एक दिवस मिळू दे, एवढाच विचार होता. निदान मला तसं आठवतं. दुसऱ्या दिवशी वहिनींनी अनुवाद लिहून मागितला तेव्हा मी तो पूर्णविरामावर संपवला.

मग रविवार सुरू झाले. दुपारी चारला वहिनी आमच्याकडे यायच्या. इंदू तिथेच स्वेटर विणत बसायची. वहिनी विचारायच्या, “भाऊजी, तराफ्यावर माणूस किती दिवस राहू शकते?” मी पुस्तक काढायचो. दुसऱ्या महायुद्धात एक चिनी खानसामा एकशे तेहतीस दिवस तराफ्यावर एकटा जगला होता. एक इंग्रज जोडपं एकशे सतरा दिवस. हे सगळं खरं होतं. मी त्यांना एकही खोटी गोष्ट सांगितली नाही, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. एकशे तेहतीस दिवस उलटल्यावर मी बेटांवर आलो. मग परदेशातल्या तुरुंगांवर, मग स्मृती गेलेल्या खलाशांवर. त्यातलं किती पुस्तकांत होतं आणि किती मी जुळवलं, आता सांगता येत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती लिहायला मला जड जातं. त्याआधी कोणी माझं बोलणं तासभर ऐकलं नव्हतं. ऑफिसात नाही, घरात नाही. वहिनी किंचित पुढे वाकून ऐकायच्या. मी शनिवारीच ठरवून ठेवायचो, उद्या काय सांगायचं.

त्र्याऐंशी साली बिलासपूरहून एक स्थळ आलं. रेल्वेत नोकरी, बायको वारलेली, माणूस भला. वहिनींचे भाऊ समजवायला आले होते. वहिनी एका बुधवारी माझ्याकडे आल्या आणि उभ्या-उभ्याच विचारलं, “भाऊजी, तुम्हाला काय वाटते? आशा आहे काय?” मी म्हणालो, “जहाजांचं काही सांगता येत नाही, वहिनी.” त्यांनी नकार कळवला.

नव्वद साली नदीवर ग्वारीघाटला पळसाचा पुतळा जळला. मी मागे पायरीवर उभा होतो. वहिनी छत्तीस वर्षांच्या झाल्या होत्या. रडल्या नाहीत. लोक म्हणाले, काय धीराची बाई आहे. मलाही तसंच वाटलं. त्यानंतर रविवारी मीच त्यांच्या ओसरीवर जाऊ लागलो.

क्षमा येऊन गेल्यावर तीन दिवसांनी, शनिवारी जेवताना, मी इंदूला सगळं सांगितलं, आणि ते पान वहिनींना द्यायला निघतो आहे असंही. ती ताट तसंच ठेवून ऐकत राहिली.

“मी तिथेच बसली होती,” ती म्हणाली. “दर रविवारी.”

“हो.”

“मला पण नाही सांगितलं.”

मी भाताशी चाळा करत होतो.

“मला वाटायचं, तुम्हाला तिचं येणं आवडते, म्हणून गोष्टी सांगून राहिले. तेवढं मी कधीच माफ करून टाकलं होतं. हे तर वेगळंच निघालं.” तिनं पेला उचलला, पाणी न पिता खाली ठेवला. “आता काय, क्षमा उद्या विचारणार म्हणून जाऊन राहिले?”

तिनं बरोबर जागी बोट ठेवलं होतं. मी गेलो ते धीर आला म्हणून, की पकडला जाईन या भीतीनं, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. बहुतेक भीतीनंच.

वहिनी ओसरीवर मेथी निवडत होत्या. मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या त्यालाही आता बरीच वर्षं झाली. सासू गेल्यापासून त्या घरात एकट्याच राहतात.

“या, भाऊजी. आज शनिवार ना? वार विसरले काय?”

“नाही. एक कागद द्यायचा आहे.”

मी पान त्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी हात पदराला पुसले, पान उचललं, तारीख पाहिली, वरचा आकडा पाहिला. दोन.

“हे त्या पत्राचं?”

“हो. दुसरं पान. ते माझ्याकडे होतं.”

“केव्हापासून?”

“पहिल्या दिवसापासून.”

त्यांनी पान माझ्याकडे परत दिलं. “मराठीत सांगा. तुमचंच काम आहे ते.”

माझा चष्मा दोनदा घसरला. मी वाचलं: “जहाजावरच्या ऑइलरच्या, म्हणजे यंत्रांना तेल घालणाऱ्या खलाशाच्या, जबानीनुसार, इंजिनखोलीत पाणी येऊ लागल्यावर मुख्य इंजिनियरनी सर्वांना वर जाण्यास सांगितले. ऑइलर शिडीपाशी थांबला व त्याने तिसऱ्या इंजिनियरना हाक मारली. ते पाणी उपसण्याच्या दुसऱ्या पंपाजवळ होते. ते म्हणाले, तू जा, हा सुरू करून येतो. त्यानंतर तीन-चार मिनिटांत जहाज डाव्या अंगावर कलंडले. इंजिनखोलीतून आणखी कोणी वर आले नाही. आपले पती हयात असण्याची शक्यता नाही, हे आम्हाला खेदाने कळवावे लागत आहे.”

“पुन्हा.”

मी पुन्हा वाचलं.

“तू जा, हा सुरू करून येतो,” वहिनी हळूच म्हणाल्या. “घरी पण तसंच होतं. सिनेमाला निघालो की म्हणायचा, तू हो पुढे, मी आलोच. मी कोपऱ्यावर उभी.”

त्यांनी मेथीची जुडी उचलून बाजूला ठेवली. बिलासपूरच्या स्थळाची गोष्ट निघेल, याची मी वाट पाहत होतो. त्यासाठी मी वाटेत काही वाक्यं तयार केली होती.

“वहिनी, त्र्याऐंशी साली तुम्ही मला विचारलं—”

“ते जाऊ द्या. तो माणूस दर वाक्याला हसायचा. मला नसता जमला.” त्यांनी हात हलवून ते बाजूला सारलं. “भाऊजी, मला वाटायचं गौतम जिवंत आहे.”

“हो. माझ्यामुळेच. मी तुम्हाला खोट्या आशेवर—”

“ऐका ना. मला वाटायचं तो जिवंत आहे आणि येत नाही.”

मला पटकन कळलं नाही.

“तुम्ही बेटांचं सांगितलं, तुरुंगांचं सांगितलं,” त्या म्हणाल्या. “आणि एकदा एका खलाशाचं सांगितलं, जो वाचला आणि कोण्या बंदरात दुसरं घर करून राहिला. आठवते?”

मला आठवत नव्हतं. कुठल्या पुस्तकातलं होतं, तेही नाही.

“बाकीचं मी विसरली. तेवढं पटलं. तीन-चार वर्षांनी माझ्या डोक्यात ती बाई पण तयार झाली. जपानी. गोरीपान, बारीक डोळ्यांची. मला तिचा चेहरा दिसायचा, भाऊजी. मी शाळेत फळ्यावर गणित लिहून राहिली आणि इकडे ती त्याला चहा देऊन राहिली. बारा वर्षं मी वाट नाही पाहिली. पहिली तीन पाहिली असेल. बाकीची नऊ मी त्याला शिव्या दिल्या.”

“ग्वारीघाटला तुम्ही—”

“रडली नाही, ना? लोक म्हणे, धीराची बाई. तो पुतळा जळत होता आणि मी मनात म्हणत होती, जळ.”

मी दुसरीकडे कुठे तरी पाहायचं म्हणून भिंतीकडे पाहिलं. भानुमतीकाकूंचा फोटो होता, सासऱ्यांचा होता. दोन्हींना चंदनाचे हार. गौतमचा नव्हता. पस्तीस वर्षं मी त्या ओसरीवर येऊन बसत होतो आणि तो फोटो कधी निघाला ते मला दिसलं नव्हतं.

“सासूबाई गेल्या त्याच दिवशी मी काढून ठेवला,” वहिनी म्हणाल्या. “पितृपक्षात सगळ्यांचं ताट वाढते. त्याचं कधी नाही वाढलं. आणि हा तिथे पंप सुरू करून राहिला होता.”

“वहिनी, मला माफ—”

“नका म्हणू. आत्ता नका. तुमचं तुम्ही पाहा. मला आधी त्याचं पाहायचं आहे.”

त्या उठून आत गेल्या. मला वाटलं, आता मी जावं. पण त्या एक चौकटीची वही, पेन्सिल आणि आपला चष्मा घेऊन आल्या, आणि वही माझ्यासमोर उघडून ठेवली.

“तुम्ही नकाशे काढायचे ना? पंप कुठे असते, ते काढून दाखवा. तो कुठे उभा होता?”

मी पेन्सिल घेतली. सवयीनं रेघा सरळ आल्या. जहाजाचा उभा छेद काढला, तळ काढला, इंजिन काढलं. त्या शेजारी बसून पाहत होत्या.

“हा पंप?”

“हा पहिला. दुसरा साधारण इथे असतो. मागे.”

“साधारण म्हणजे?”

“त्या काळच्या अशा जहाजांवर इथे असायचा. ‘श्यामगिरी’वर नक्की कुठे होता, ते मला माहीत नाही.”

“बरं. आणि शिडी?”

“इकडे.”

“मग तो हाक मारणारा इथे उभा होता.” त्यांनी शिडीच्या पायथ्याशी बोट ठेवलं. “आणि गौतम तिथे. एवढंच अंतर. मग हाक ऐकू आली असणार.”

“आली. उत्तर दिलं म्हणजे आली.”

“पाणी कुठवर होतं?”

मी पुस्तकांत अशा पन्नास इंजिनखोल्या बुडताना वाचल्या आहेत. गुडघ्यापर्यंत, असं माझ्या तोंडात तयार होतं. ते सांगितलं असतं तर वहिनींना बरं वाटलं असतं, निदान डोळ्यांसमोर काही उभं राहिलं असतं. त्या वाट पाहत होत्या, किंचित पुढे वाकून.

“माहीत नाही,” मी म्हणालो. “पत्रात नाही.”

“शिडीला पायऱ्या किती?”

“ते पण माहीत नाही, वहिनी.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं कसं होतं, ते मी सांगणार नाही, कारण मला ते नीट समजलं नाही. मग त्यांनी माझ्या हातातून पेन्सिल काढून घेतली आणि मागच्या पंपाशेजारी बारीक अक्षरात लिहिलं, गौतम.

“उद्या क्षमा आली की मी तिला सांगीन, हे सगळं छापायचं,” त्या म्हणाल्या. “दोन्ही पानं. आणि हे पान कोणाकडे होतं, ते पण. तुमच्या नावासकट.”

“हो.”

“पूर्ण मंडळ वाचेल.”

“हो, वहिनी.”

“लेख तुम्ही नाही लिहायचा. तुम्ही फक्त अनुवाद करून द्या.”

मी उठलो. चपला घालताना डावी-उजवी चुकली, पुन्हा काढून घातल्या. वहिनींनी बसा म्हटलं नाही आणि चहाचंही विचारलं नाही. सत्तेचाळीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं. फाटकापर्यंत पोचलो तेव्हा मागून आवाज आला.

“भाऊजी. जहाज बुडालं ती तारीख कोणती होती? मी पुतळा जाळला ती तारीख धरून बसली होती.”

“अकरा जून. रविवार होता. सकाळची वेळ.”

त्यांनी वहीत त्या नावाखाली तारीख लिहिली. पितृपक्ष तीन आठवड्यांवर आला होता.

“तिथी क्षमा फोनवर काढून देईल,” त्या म्हणाल्या. माझ्याशी नव्हे, त्या वहीशीच बोलत होत्या.